दिल्ली मोठी, पण कुणापेक्षा?

मुंबई मोठी की दिल्ली, हा वाद दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला कधी ना कधी घालावाच लागतो. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंना तो कागद दाखवून जिंकता येतो. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८४ लाख भरली आणि दिल्लीच्या नागरी समूहाची १ कोटी ६३ लाख. म्हणजे मुंबई मोठी. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या नागरीकरण अहवालात मात्र दिल्ली २ कोटी ८५ लाखांवर होती, टोकियोच्या खालोखाल जगात दुसरी, आणि मुंबई २ कोटींच्या आसपास. म्हणजे दिल्ली मोठी. मधल्या सात वर्षांत दिल्लीत माणसं आली हे खरं, पण मुख्य फरक पडला तो हद्दीमुळे. जनगणनेच्या नियमाप्रमाणे नागरी समूह एकाच राज्याच्या सीमेत मोजायचा असतो. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली महाराष्ट्रातच असल्यामुळे मुंबईच्या खात्यात जमा झाली. गाझियाबाद उत्तर प्रदेशात, गुडगाव आणि फरीदाबाद हरियाणात. तिथून रोज लाखो माणसं मेट्रोने दिल्लीत कामाला येत असली तरी जनगणनेच्या लेखी ती गावं वेगळी. संयुक्त राष्ट्रांनी राज्यांच्या सीमा बाजूला ठेवल्या आणि निकाल फिरला. पुढे २०२५ च्या अहवालात त्यांनी शहर कशाला म्हणायचं याचा निकषच बदलला, तेव्हा जकार्ता पहिलं, ढाका दुसरं, टोकियो तिसरं आणि दिल्ली चौथी असा क्रम लागला.

या सगळ्या उलथापालथीत ‘मोठी’ हे विशेषण जागचं हललेलं नाही. हलली ती तुलनेची दुसरी बाजू: कुणाशी ताडून पाहिलं, कुठल्या हद्दीत पाहिलं. इंग्रजीतल्या डिग्री शिकवताना नेमकी हीच बाजू आपल्याकडे शिकवायची राहून जाते. टॉल, टॉलर, टॉलेस्ट; गुड, बेटर, बेस्ट; हे तक्ते मुलांना तोंडपाठ असतात. ‘चेंज द डिग्री’ म्हटलं की ‘नो अदर’ आणि ‘व्हेरी फ्यू’ लावून वाक्य फिरवताही येतं. तरीही तीच मुलं मोठेपणी इंग्रजीत दोन गोष्टींची तुलना करायला बसली की अडखळतात. माझं म्हणणं असं की ही अडखळ विशेषणाला लागणाऱ्या प्रत्ययात क्वचितच असते. ती बहुतेक वेळा ‘दॅन’, ‘ऑफ’ आणि ‘इन’ यांच्या पुढे काय येतं त्यात असते. म्हणून शिकण्याचा क्रम उलटा हवा. वाक्याचा शेवट आधी, विशेषणाचा शेवट नंतर.

विशेषणाच्या शेवटाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. उच्चारात एकच तुकडा असलेल्या शब्दाला ‘-अर’ आणि ‘-एस्ट’ लागतात. तीन किंवा जास्त तुकडे असतील तर शब्दाआधी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ येतात. दोन तुकड्यांच्या शब्दांत घोळ असतो. हॅपी, इझी यांसारख्या शब्दांना प्रत्यय लागतो, केअरफुलला लागत नाही, आणि कॉमन किंवा पोलाइट दोन्हीकडे चालतात. बिग, हॉट अशा आखूड शब्दांत शेवटचं अक्षर लिहिताना दुप्पट होतं. गुड, बॅड, लिटल, मच, फार ही मंडळी नियम पाळत नाहीत, ती पाठच करावी लागतात. शिवाय नियमालाही भोकं आहेत: राँग, बोअर्ड, टायर्ड एका तुकड्याचे असले तरी इंग्रज ‘मोअर राँग’, ‘मोअर टायर्ड’ असंच म्हणतो. हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडतं आणि चुकलं तरी अर्थ बुडत नाही. ‘ब्यूटिफुलर’ म्हणणाऱ्याला लोक हसतील, पण त्याला काय म्हणायचंय ते कळेल.

अर्थ कुठे बुडतो ते पाहायला आधी मराठी तुलना कशी करते ते पाहायला हवं. मराठीत विशेषण तसंच राहतं. ‘कुतुबमिनार उंच आहे’ आणि ‘कुतुबमिनार चारमिनारपेक्षा उंच आहे’ या दोन वाक्यांत ‘उंच’ला काहीही झालेलं नाही, तुलनेचा सगळा भार ज्याच्याशी तुलना करायची त्या नामाने ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ लावून उचललेला आहे. तो शब्द गाळला तर तुलनाच उरत नाही. म्हणजे मराठी बोलणाऱ्याला ‘कुणापेक्षा’ हे सहसा सांगावंच लागतं. ‘जास्त उंच’ म्हणून पळवाट काढता येते, पण मग समोरचा लगेच विचारतो, कुणापेक्षा? इंग्रजीत तुलनेची खूण विशेषणावरच बसते, त्यामुळे ‘टॉलर’ एवढं म्हटलं की काम झाल्यासारखं वाटतं. मराठी मुलाच्या हातात तुलना नीट करण्याची सवय आधीपासून असते. आपण त्याला तक्ते पाठ करायला लावतो आणि त्या सवयीचा उपयोगच करून घेत नाही.

मराठीत विशेषणाला प्रत्यय मुळीच नाहीत असं मात्र नाही. लसावि-मसावि शिकलेल्या प्रत्येकाने लघुतम आणि महत्तम हे शब्द घोकलेले आहेत. त्याहून जुनी जोडी संस्कृतातली, ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ यांची: लघु, लघीयस्, लघिष्ठ. हा ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘-एस्ट’ एकाच मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. स्वादु या शब्दापासून झालेला स्वादिष्ठ आणि इंग्रजीतला स्वीटेस्ट यांचं मूळ शब्दशः एक आहे. पण मराठीत हे प्रत्यय झिजले. स्वादिष्ट म्हणजे आता सर्वांत चवदार नाही, नुसतंच चवदार. म्हणून ‘सगळ्यांत स्वादिष्ट’ म्हणावं लागतं. श्रेष्ठ हे मुळात सुपरलेटिव्ह, तरी आपण सर्वश्रेष्ठ आणि श्रेष्ठतम बिनदिक्कत म्हणतो. ज्येष्ठ म्हणजे मुळात सर्वांत मोठा, पण साठी ओलांडलेले सगळेच ज्येष्ठ नागरिक. इंग्रजीतला सीनिअर हा लॅटिनमधला कम्पॅरेटिव्ह, तोही सिटिझनला चिकटल्यावर कुणापेक्षा सीनिअर हे सांगायचं विसरला. दिल्लीत टिळक मार्गावर उभ्या असलेल्या न्यायालयाला संविधानाच्या हिंदी पाठात ‘उच्चतम’ म्हटलं आहे, आपण ‘सर्वोच्च’ म्हणतो. हिंदीने प्रत्ययावर भिस्त ठेवली, मराठीने ‘सर्व’ हा शब्द पुढे आणून कुणांमध्ये उच्च ते उघड सांगितलं.

आता वाक्याचा शेवट. कुतुबमिनारचीच गोष्ट घेऊ. तो ७२.५ मीटर उंच आहे. ‘कुतुबमिनार इज टॉलर दॅन एनी ब्रिक मिनारेट इन द वर्ल्ड’ हे वाक्य कानाला बरोबर वाटतं, पण इंग्रजीच्या हिशेबाने ते अशक्य आहे, कारण जगातल्या विटांच्या मिनारांत कुतुबमिनार स्वतःही आला आणि तो स्वतःपेक्षा उंच असू शकत नाही. म्हणून ‘एनी अदर’ हवं. मराठीतही काटेकोर बोलणारा ‘इतर कोणत्याही’ म्हणतो, पण ‘इतर’ गळलं तरी आपण अर्थ सावरून घेतो. सुपरलेटिव्ह केला की गणित उलटतं. ‘द टॉलेस्ट ऑफ ऑल ब्रिक मिनारेट्स’ म्हणताना कुतुबमिनार त्या समूहात असलाच पाहिजे. इथे ‘अदर’ घातलं की चुकलं. कम्पॅरेटिव्हमध्ये वस्तू समूहाच्या बाहेर उभी असते, सुपरलेटिव्हमध्ये आत. ‘चेंज द डिग्री’ या प्रश्नात मुलं खरं तर ही ये-जा करत असतात. ‘नो अदर’मधला ‘अदर’ तिथे का येतो हे कुणी सांगितलं तर तो प्रश्न पाठ करावा लागणार नाही. मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये ईव्हला तिच्याच मुलींमधली सर्वांत सुंदर म्हटलं आहे, जणू ती स्वतःचीच मुलगी होती. कवीला ते माफ. परीक्षेला बसणाऱ्याला नाही.

दुसरी ठेच याहून वरचेवर लागते. ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन दिल्ली.’ पुण्याचं हवामान दिल्लीपेक्षा चांगलं, हे मराठीत खटकत नाही. इंग्रजीत मात्र एका बाजूला हवामान आणि दुसऱ्या बाजूला अख्खं शहर उभं राहतं. तिथे ‘दॅन दॅट ऑफ दिल्ली’ लागतं, किंवा निदान ‘दॅन दिल्लीज’. कार्यालयीन टिपणात, प्रकल्पाच्या अहवालात ही चूक खूप सापडते, आणि तिथे ती नुसती सौंदर्याची राहत नाही. ‘नोएडाचा खर्च गुडगावपेक्षा जास्त’ असं इंग्रजीत ढिसाळ लिहिलं, की नोएडाने केलेला खर्च की नोएडावर झालेला, आणि गुडगावचा कोणता, हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

सुपरलेटिव्हला आणखी एक हद्द लागते, ती काळाची. दिल्ली मेट्रोचं चावडी बाजार स्थानक २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा सुमारे २५ मीटर खोलीमुळे ते या जाळ्यातलं सर्वांत खोल स्थानक म्हणून ओळखलं जाई. २०१८ मध्ये हौज खासला मजेंटा मार्गिकेचं स्थानक जवळपास २९ मीटर खाली उघडलं आणि चावडी बाजार ‘द डीपेस्ट’वरून ‘वन ऑफ द डीपेस्ट’वर आलं. कुतुबमिनारचंही तसंच. २०११ मध्ये पंजाबात मोहालीजवळ १०० मीटरचा फतेह बुर्ज उभा राहिला, आणि पीतमपुऱ्याचा २३५ मीटरचा टीव्ही टॉवर तर दिल्लीतच १९८८ पासून आहे. म्हणून कुतुबमिनारच्या सुपरलेटिव्हमागे ‘विटांचा’ हा शब्द लागतो. तो काढला की दावा कोसळतो. ‘वन ऑफ द’ म्हणजे हातचं राखून बोलणं, अशी त्याची टिंगल होते. मला ती पटत नाही. समूहात नेमकं स्थान माहीत नसताना हा वाक्प्रयोग प्रामाणिक असतो. फक्त त्याच्यापुढचं नाम अनेकवचनी हवं हे विसरायचं नाही. ‘वन ऑफ द बिगेस्ट मार्केट’ ही चूक दिल्लीच्या पाट्यांवर हमखास दिसते, आणि तिच्या मुळाशी पुन्हा तेच आहे: ‘ऑफ’च्या पुढे समूह उभा करायचा आहे याचा विसर.

‘दॅन’च्या पुढे काय आहे ते पाहिलं नाही तर कम्पॅरेटिव्ह फसवूही शकतो, कारण ‘बेटर’ म्हणजे ‘गुड’ नव्हे. दिल्लीत राहणाऱ्याला हे नोव्हेंबरात नाकातोंडाने कळतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हवा निर्देशांकात ० ते ५० ‘गुड’, २०१ ते ३०० ‘पुअर’, ३०१ ते ४०० ‘व्हेरी पुअर’ आणि ४०१ च्या पुढे ‘सिव्हिअर’. काल ४३० आणि आज ३८० असेल तर ‘आजची हवा कालपेक्षा बेटर’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि हवा तरीही ‘व्हेरी पुअर’ आहे. बातमीच्या मथळ्यात ‘दॅन यस्टर्डे’ गाळलं की वाचणारा मास्क घरी ठेवून निघतो. ‘व्हेरी’ आणि ‘मच’ची जागाही इथेच कळते: ‘व्हेरी’ साध्या विशेषणाला लागतं, कम्पॅरेटिव्हला ‘मच’ किंवा ‘फार’. ‘व्हेरी बेटर’ म्हणणाऱ्याने खूप चांगलं आणि कितीतरी चांगलं यांतला फरक पुसून टाकलेला असतो, आणि तो फरक मराठीत त्याला चांगला ठाऊक असतो.

न्यायालयांनीही हा फरक ओळखला आहे. जाहिरातीत आपला माल जगात ‘बेस्ट’ आहे असं म्हणायला व्यापाऱ्याला मोकळीक, स्पर्धकाच्या मालापेक्षा ‘बेटर’ आहे असं म्हणायलाही मोकळीक, पण स्पर्धकाचा माल ‘बॅड’ आहे असं म्हणाल तर ती बदनामी, अशी मांडणी कोलकाता उच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात रेकिट अँड कोलमनच्या खटल्यात केली. तिन्ही डिग्री एकाच निकालात, आणि त्यांत सर्वांत धोक्याची ठरली ती पॉझिटिव्ह! दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१० मध्ये डाबर विरुद्ध कलरटेक या डासप्रतिबंधक क्रीमच्या खटल्यात त्या मोकळिकीला लगाम घातला: फुशारकी चालेल, पण खोटी किंवा दिशाभूल करणारी जाहिरात चालणार नाही. जाहिरात मानक परिषदेची संहिता तर सरळ सांगते की तुलना करायची तर कशाची कशाशी ते स्पष्ट असलं पाहिजे. शाळेतल्या व्याकरणापेक्षा हा नियम मला जास्त उपयोगाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप परीक्षेचा. ओल्ड राजिंदर नगरात किंवा करोल बागेत राहून लोकसेवा आयोगाची तयारी करणारा मराठी मुलगा म्हणेल, मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा सक्तीचा पेपर ३०० गुणांचा असला तरी त्यात २५ टक्के मिळवून पार व्हायचं असतं. तेवढ्यासाठी हा तात्त्विक पसारा कशाला? पण वाक्य सुधारा या प्रकारच्या प्रश्नांचा ठरीव साचा पाहा: ‘सुपीरिअर दॅन’, ‘एनी’च्या जागी ‘एनी अदर’, ‘दॅट ऑफ’, ‘वन ऑफ’च्या पुढचं अनेकवचन. सापळे सगळे वाक्याच्या शेवटाला लावलेले असतात. सुपीरिअर, इन्फीरिअर, सीनिअर, ज्युनिअर हे लॅटिनमधून तयार कम्पॅरेटिव्ह म्हणून आलेले शब्द, ते ‘दॅन’ घेत नाहीत, ‘टू’ घेतात. कचेरीत ‘ही इज सीनिअर दॅन मी’ म्हणणारा परीक्षेतही तिथेच पडतो. एल्डरचं कोडं मराठीतून चटकन सुटतं. एल्डर म्हणजे थोरला. नात्यातली जागा सांगणारा शब्द आहे तो. वयाची तुलना करायची तर ओल्डर आणि दॅन.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘मोअर बेटर’ला आपण हसतो, पण ज्युलियस सीझरच्या प्रेतापुढे बोलणाऱ्या अँटनीच्या तोंडी शेक्सपिअरने असाच दुहेरी सुपरलेटिव्ह घातला आहे. अशा प्रयोगांवर बहिष्कार पडला तो अठराव्या शतकात, रॉबर्ट लोथ यांच्या १७६२ च्या व्याकरणासारख्या पुस्तकांमुळे. लोथ यांच्या वाटेने लिंडली मरे गेले, आणि मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर ठेवून दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठी भाषेचं व्याकरण लिहिलं. पुढे विसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेल्या पी. सी. रेन यांनी मार्टिन यांच्यासोबत लिहिलेलं पुस्तक शाळाशाळांत पोचलं. आज दिल्लीच्या एस. चंदकडून छापल्या जाणाऱ्या त्या पुस्तकावर पिढ्या घडल्या. हेच रेन ‘ब्यू जेस्ट’ या फॉरेन लीजनच्या कादंबरीचे लेखक, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. तेव्हा ‘मोअर बेटर’ चूक ठरवणारा नियम दैवी नाही, तो माणसांनी एका काळी केलेला आहे हे मान्य. पण यातून माझ्याच म्हणण्याला बळ मिळतं. जो दोष ऐतिहासिक आवडीनिवडीचा आहे त्यावर शाळा सगळा वेळ घालवते, आणि ‘एनी अदर’, ‘दॅट ऑफ’ यांसारखे दोष, जे नियम केले नसते तरी तर्काने अडवलेच असते, ते वर्गात येतात तेव्हा तास संपत आलेला असतो. ‘मोअर बेटर’ लिहू नयेच, कारण मुलाखत घेणारा तेवढ्यावरून मत बनवतो. पण त्याला सर्वांत गंभीर चूक मानणं हेही तुलना चुकल्याचंच लक्षण आहे.

तिसरा आक्षेप असा की इंग्रजही ‘दॅन’ गाळतातच. गाळतात, संदर्भ समोर असतो तेव्हा. दोन सदरे पुढे ठेवून ‘धिस इज चीपर’ म्हटलं तर दुसरा सदरा पुढ्यातच आहे. बांधकाम व्यावसायिकाच्या फलकावर ‘क्लोजर टू मेट्रो’ लिहिलेलं असतं तेव्हा मात्र दुसरा सदरा नसतोच, आणि ग्राहकाने तो मनातल्या मनात आणायचा असतो.

एक रचना मात्र अशी आहे जिथे ‘दॅन’ नसतं आणि तरीही काही गाळलेलं नसतं. ‘द स्लोअर द विंड, द वर्स दि एअर.’ यातला ‘द’ म्हणजे नेहमीचं उपपद नव्हे. जुन्या इंग्रजीतल्या ‘तेवढ्याने’ अशा अर्थाच्या विभक्तिरूपाचा तो उरलेला अवशेष आहे. मराठी मुलाला ही रचना इंग्रजी म्हणून समजवायला गेलं तर चमत्कारिक वाटते, पण ‘वारा जितका मंद, तितकी हवा वाईट’ असं तो स्वतःच म्हणत असतो. पहिला ‘द’ म्हणजे ‘जितका’, दुसरा ‘द’ म्हणजे ‘तितकी’. कुणापेक्षा हा प्रश्न इथे येतच नाही, कारण एका गोष्टीचं माप दुसऱ्या गोष्टीने दिलेलं आहे. दोन्ही अर्ध्यांत क्रियापद नसतं हेही त्याला नवं नाही, मराठीतही ते गळतंच. फक्त दोन्हीकडे कम्पॅरेटिव्ह हवा आणि मधे स्वल्पविराम.